कुलाबा गॅझेटियरमधील ‘न्याय’ : एका बंदर-जिल्ह्याच्या दैनंदिन प्रशासनाचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना

कोकणच्या स्थानिक इतिहासावर महाविद्यालयीन पातळीवर जे लेखन होते, त्याच्या मुळाशी बहुधा एकच ग्रंथ असतो. रायगड जिल्ह्यापुरते बोलायचे तर तो ग्रंथ म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियर मालिकेतील अकरावा खंड, ‘कुलाबा आणि जंजिरा’. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली हा खंड १८८३ साली मुंबईच्या सरकारी मुद्रणालयातून प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र शासनाने १९६४ साली कुलाबा जिल्ह्याचे सुधारित गॅझेटियर काढले, तेव्हाही प्रकरणांची जुनी चौकट पुष्कळ अंशी कायम राहिली. लघुप्रबंध, नगरपालिकांच्या स्मरणिका, शाळांच्या शताब्दी अंकांतील लेख अशा सर्व ठिकाणी या खंडातील आकडे व वर्णने येत राहतात. त्यांच्यासोबत ग्रंथाचा दृष्टिकोनही नकळत येतो.

प्रस्तुत लेखाचा उद्देश गॅझेटियरमधील चुका दाखविणे हा नाही. एकोणिसाव्या शतकातील या किनाऱ्यावर सामान्य माणसाला न्याय कोठे आणि कसा मिळत होता, किंवा मिळत नव्हता, याचे उत्तर हा ग्रंथ कसे देतो आणि कसे दडवितो, हे तपासणे हा उद्देश आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे मांडता येईल : गॅझेटियरने ‘न्याय’ या शीर्षकाखाली केवळ न्यायालयांची गणना केली. किनाऱ्यावरील माणसाचा कायद्याशी येणारा रोजचा संबंध मात्र मिठागर, माडाची बाग, जकातीचे नाके, तरीचा धक्का आणि मामलेदार कचेरी येथे येत होता. हे सर्व ग्रंथात ‘महसूल’, ‘जमीन’, ‘व्यापार’ व ‘लोकसंख्या’ या प्रकरणांत विखुरले आहे. या वर्गीकरणामुळे जिल्हा शांत आणि राज्यकारभार न्याय्य असल्याचे चित्र उभे राहते.

प्रशासकीय पार्श्वभूमी

कुलाबा जिल्ह्याचे नाव अलिबागसमोरील समुद्रातील कुलाबा किल्ल्यावरून आले. मुंबईतील कुलाब्याशी त्याचा संबंध नाही. आंग्र्यांच्या आरमाराचे हे मुख्य ठाणे होते. १८२२ च्या तहान्वये आंग्र्यांनी इंग्रजांचे वर्चस्व मान्य केले. अंतर्गत कारभार त्यांच्याकडेच राहिला. दुसरे रघुजी आंग्रे १८३८ मध्ये निवर्तले. त्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेला पुत्रही अल्पावधीतच दगावला. दत्तक घेण्याची परवानगी नाकारण्यात आली आणि १८४० मध्ये कुलाबा संस्थान खालसा झाले. सातारा १८४८ मध्ये खालसा झाल्यानंतर दत्तक-नामंजुरीची चर्चा महाराष्ट्रभर झाली. त्या धोरणाचा प्रयोग या किनाऱ्यावर त्यापूर्वीच आठ वर्षे झाला होता, ही बाब इतिहासलेखनात पुरेशी अधोरेखित होत नाही.

पुढे हा मुलूख काही काळ उपजिल्ह्याच्या रूपात राहून १८६९ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. पनवेल व उरण हा भाग तोपर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. तो १८८३ मध्ये कुलाब्यास जोडला गेला आणि कर्जत १८९१ मध्ये आले. म्हणूनच उरणच्या मिठागरांचे व दारूच्या भट्ट्यांचे वर्णन ठाणे जिल्ह्याच्या खंडात शोधावे लागते. १ जानेवारी १९८१ पासून जिल्ह्याचे नाव रायगड झाले.

येथील बंदरांचे स्वरूपही लक्षात घेतले पाहिजे. अलिबाग, रेवदंडा व थळ ही समुद्रकाठची, तर पेण, नागोठणे, रोहे व महाड ही खाडीच्या आतील बंदरे होती. अंबा, कुंडलिका व सावित्री या नद्यांच्या मुखांतून भरतीच्या पाण्यावर गलबते व मचवे आत येत. मीठ, भात, सरपण, इमारती लाकूड, नारळ, सुपारी आणि सुकी मासळी यांची मुख्य बाजारपेठ मुंबई हीच होती. अशा प्रदेशात बंदराचा कारभार आणि जिल्ह्याचा कारभार वेगळे काढता येत नाहीत. जंगलातील लाकूडतोड्याचा गुन्हासुद्धा अखेर धक्क्यावरच्या मालाशी जोडलेला होता.

ग्रंथाची रचना आणि ‘न्याय’ प्रकरणाचे स्थान

मुंबई गॅझेटियरच्या जिल्हा खंडांची रचना ठरावीक आहे : वर्णन, उत्पादन, लोकसंख्या, शेती, भांडवल, व्यापार, इतिहास, जमीन, न्याय, महसूल व वित्त, शिक्षण, आरोग्य, तालुके आणि शेवटी स्थळवर्णन. या चौदा प्रकरणांत ‘जमीन’ हे प्रकरण दीर्घ असून त्यात भूधारणेचे प्रकार, खोती, पाहणी व जमाबंदी यांचे तपशील ओतप्रोत भरले आहेत. ‘न्याय’ हे प्रकरण त्या मानाने अगदी थोड्या पानांचे आहे. न्यायालयांची पूर्वपीठिका, दिवाणी दाव्यांचे कोष्टक, नोंदणी, फौजदारी दंडाधिकारी, गावपोलीस, पोलीस दल आणि गुन्ह्यांचे कोष्टक एवढ्यावर ते संपते.

पानांच्या या प्रमाणातच ग्रंथाचा हेतू दिसतो. गॅझेटियर हा मुळात नव्याने येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी लिहिलेला मार्गदर्शक ग्रंथ होता. जिल्ह्याचे उत्पन्न कोठून येते हे त्या अधिकाऱ्यास प्रथम समजणे आवश्यक होते. न्याय ही त्याच्या दृष्टीने एक शाखा होती. तिची कामगिरी आकड्यांत मोजता येत होती. बर्नार्ड कोन यांनी वसाहतीच्या ज्ञानव्यवहाराविषयी दाखविलेली दिशा येथे उपयोगी पडते : पाहणी, गणना व वर्गीकरण ही केवळ माहिती मिळविण्याची साधने नव्हती, ती राज्य करण्याचीही साधने होती. कोणती घटना कोणत्या प्रकरणात लिहायची हे ठरविणे हासुद्धा एक प्रशासकीय निर्णयच होता.

एकतर्फी निकालांचे मौन

दिवाणी न्यायाचे कोष्टक हे या प्रकरणाचे हृदय होय. एकूण दावे, त्यांची सरासरी रक्कम, एकतर्फी निकाल, लढविलेले दावे, हुकूमनाम्याची बजावणी, ऋणकोची अटक, जप्ती व विक्री असे रकाने त्यात वर्षवार येतात. कोष्टकाला निवेदक नाही आणि म्हणूनच ते निःपक्षपाती वाटते. परंतु ‘एकतर्फी’ या एका शब्दात काय काय सामावले आहे, याचा विचार कोष्टक करीत नाही.

दख्खनमध्ये १८७५ साली झालेल्या दंग्यांच्या चौकशी आयोगाने एकतर्फी हुकूमनाम्यांच्या प्रश्नाची गंभीर दखल घेतली होती. रयत न्यायालयात येत नाही, कारण तिला समन्स समजत नाही, खर्च परवडत नाही किंवा येऊन उपयोग नाही अशी तिची खात्री असते, असे त्या चर्चेतून पुढे आले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. ऋणकोच्या सोयीसाठी केलेल्या या तरतुदीमुळे दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेण्याची रीत वाढली. याच चौकशीतून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. मात्र तो प्रारंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. कुलाब्याच्या रयतेला त्याचे संरक्षण मिळाले नाही. दंगा झालेल्या प्रदेशाला कायदा मिळाला. ज्या प्रदेशाने दंगा केला नाही, त्याच्या वाट्याला कोष्टक आले.

किनाऱ्यावर या प्रश्नाला आणखी एक बाजू होती. नारळी पौर्णिमेनंतर पुढील पावसाळ्यापर्यंत कोळी समुद्रावर असे. गलबतावरील खलाशी महिनोन्महिने घराबाहेर राही. शेतमजूर भातकापणीनंतर मुंबईस किंवा मिठागरांवर जाई. अशा माणसाच्या नावाने निघालेले समन्स बेलिफाने दारावर चिकटविले, तर त्याच्या गैरहजेरीचा अर्थ काय लावायचा? कोष्टकात त्याची नोंद ‘एकतर्फी’ एवढीच होते. न्यायालयाचे पंचांग आणि समुद्राचे पंचांग यांचा मेळ नसणे हे अशा निकालांचे एक कारण असू शकते, ही शक्यता ग्रंथाच्या चौकटीत येतच नाही.

अपिलाची वाटही सोपी नव्हती. दिवाणी न्यायासाठी कुलाबा हा ठाण्याच्या जिल्हा न्यायाधीशाच्या अधिकारक्षेत्रात होता. अलिबागच्या दुय्यम न्यायालयाविरुद्ध दाद मागणाऱ्यास खाड्या ओलांडून ठाणे गाठावे लागे. पावसाळ्यात उघड्या किनाऱ्यावरची वाहतूक बंद पडे. १८७० च्या न्यायालय शुल्क कायद्यानुसार मुद्रांकाचा खर्च दावा दाखल करतानाच करावा लागे. त्यावर प्रवास, वकील आणि साक्षीदारांचा खर्च. १८६२ मध्ये स्थापन झालेले मुंबई उच्च न्यायालय हे मांडव्याच्या किनाऱ्यावरून पाहता जवळ होते; परंतु भातशेतीच्या एका तुकड्यासाठी भांडणाऱ्या कुळाच्या दृष्टीने ते फार दूर होते.

महसुलाच्या प्रकरणातील न्याय

गॅझेटियरमधील न्यायाचा खरा शोध घ्यावयाचा असेल तर ‘न्याय’ हे प्रकरण बाजूस ठेवून इतर प्रकरणांकडे वळावे लागते. याची चार उदाहरणे येथे घेता येतील.

पहिले उदाहरण मिठाचे. मुंबई इलाख्यात १८३७ च्या कायद्याने मिठावर मणामागे आठ आणे कर बसविण्यात आला. तो पुढे वाढत गेला. १८८२ मध्ये मणामागे दोन रुपये आणि १८८८ मध्ये अडीच रुपये असा दर झाला. १८७३ व १८९० च्या मुंबई मीठ कायद्यांनी मीठ तयार करणे, काढणे व वाहून नेणे यांवरील देखरेख अधिक कडक केली. खारेपाटाच्या काठी ऊन पडले की मीठ आपोआप धरते. ते उचलणे ही पिढ्यान्पिढ्यांची सवय होती. आता तो गुन्हा झाला. मासळी खारविण्यासाठी मीठ लागणाऱ्या कोळी कुटुंबाला या कायद्याची झळ रोजच्या रोज बसत होती. गॅझेटियरच्या मांडणीत मात्र मीठ हे उत्पादन, व्यापार व महसूल या सदरांखाली येते. मिठावरून झालेला दंड हा न्यायाचा विषय ठरत नाही.

दुसरे उदाहरण माडीचे. अष्टागराच्या नारळी-पोफळीच्या बागांत माड छेदणे हा भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर परवान्याशिवाय माड छेदणे गुन्हा ठरले आणि प्रत्येक झाडावर कर आला. १८८५-८६ च्या सुमारास ठाणे-कुलाबा किनाऱ्यावर या कराविरुद्ध असंतोष उफाळला. पुढे १८९२ मध्ये मोहाच्या फुलांविषयीचा स्वतंत्र कायदा झाला. तो ठाणे व कुलाबा याच दोन जिल्ह्यांसाठी होता. झाडाखाली पडलेली फुले वेचून घरात ठेवणे हेसुद्धा सरकारी नियंत्रणाखाली आले. मोह हे डोंगरातील ठाकर व कातकरी यांचे टंचाईच्या दिवसांतील अन्न होते, हे लक्षात घेतले म्हणजे या कायद्याचा दैनंदिन अर्थ स्पष्ट होतो.

तिसरे उदाहरण राबाचे. कोकणातील भातशेतीत रोपांसाठी जमीन भाजण्याची पद्धत आहे; त्यासाठी टहाळ, पालापाचोळा व शेण लागते. १८७८ च्या भारतीय वन कायद्यानंतर टहाळ तोडण्यावर बंधने आली. शेतकऱ्याच्या दृष्टीने राब ही शेतीची पहिली पायरी, तर वनखात्याच्या दृष्टीने जंगलाची नासाडी. या दोन दृष्टींमधील संघर्ष फौजदारी खटल्यांच्या रूपाने दंडाधिकाऱ्यासमोर येत होता.

चौथे उदाहरण धक्क्याचे. जकातीचे नाके, १८६८ च्या कायद्याखालील तरींचे मक्ते, १८८२ चे बंदर व धक्का शुल्क यांमुळे खाडी ओलांडणाऱ्या प्रत्येकाचा संबंध कोणत्या तरी मक्तेदाराशी किंवा कारकुनाशी येई. वजन किती भरले, तर केव्हा सुटणार, टोपलीवर किती आकार घ्यायचा, असे तंटे कोणत्याही न्यायालयात जात नसत. ते धक्क्यावरच मिटत, आणि बहुधा ज्याच्या हाती पावतीपुस्तक त्याच्या बाजूने मिटत असावेत. गॅझेटियर तरींची व बंदरांची माहिती देतो. या तंट्यांची नाही.

या चारही उदाहरणांत एक समान दुवा आहे. नियम मोडला की नाही हे पाहणारे खाते महसुलाचे होते, आणि शिक्षा सुनावणाऱ्यांत महसूल खात्याचाच माणूस मोठ्या प्रमाणात होता. जिल्हाधिकारी हाच जिल्हा दंडाधिकारी. मामलेदाराकडे वसुली आणि दंडाधिकार दोन्ही. तालुक्याच्या ज्या कचेरीत शेतसारा भरायचा, त्याच कचेरीत आरोपी म्हणून उभे राहायचे, ही स्थिती सामान्य होती. गावपातळीवर १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटलास किरकोळ मारामारी व शिवीगाळीबद्दल चोवीस तासांपर्यंत अडकवून ठेवण्याचा अधिकार दिला होता. कार्यकारी व न्यायिक अधिकार वेगळे करावेत अशी मागणी काँग्रेसने १८८६ च्या अधिवेशनापासून लावून धरली. मुंबई राज्यात ते प्रत्यक्ष वेगळे होण्यास १९५१ चा कायदा यावा लागला. गॅझेटियर या दुहेरी अधिकाराची नोंद करतो, परंतु प्रश्न म्हणून नव्हे, सोयीस्कर व्यवस्था म्हणून. मामलेदारांचे पद वरून येणाऱ्या दडपणापुढे किती दुबळे होते, हे १८८८ च्या क्रॉफर्ड प्रकरणाने मध्य विभागात उघड केले. बदली-बढतीसाठी पैसे मोजावे लागलेला अधिकारी त्याच वेळी लोकांचा न्यायदाताही होता.

लोकसंख्येच्या प्रकरणातील निकाल

न्यायाचा दुसरा लपलेला साठा ‘लोकसंख्या’ या प्रकरणात आहे. प्रत्येक जातीच्या वर्णनाच्या शेवटी काही वाक्ये ठरावीक साच्यात येतात : जातीतील तंटे जातीच्या बैठकीत मिटतात, मुले शाळेत जातात किंवा जात नाहीत, जातीची स्थिती बरी आहे किंवा हलाखीची आहे. एखाद्या जातीपुरते हे वाक्य माहितीपर वाटते. तेच वाक्य जातीमागून जातीत येऊ लागले की त्याचा खरा अर्थ कळतो. जिल्ह्यातील बहुसंख्य लोकांचे बहुसंख्य तंटे सरकारी न्यायालयाबाहेर सुटत होते, आणि ग्रंथाने त्यांना ‘न्याय’ न मानता ‘चालीरीती’ मानले.

सोनकोळ्यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांचा सरपाटील अलिबागेस राहत असे आणि गावोगावचे पाटील त्याच्या हाताखाली असत, अशी नोंद गॅझेटियरच्या कोकणविषयक लेखनात आढळते. जातीचे नियम मोडणाऱ्यास दंड करण्याचा आणि जातीबाहेर टाकण्याचा त्याचा अधिकार मोठा होता. इंग्रजी अमलात तो ओसरत गेला. म्हणजे एकाच अलिबागेत दोन न्यायपीठे होती. एक मुद्रांकावर चालणारे, दुसरे पंचांच्या शब्दावर. रेवदंडा, नागाव, अलिबाग या पट्ट्यातील बेने इस्रायल समाजातही मुकादम, चौगुला, काजी असे मानकरी होते. हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला व १९३७ मध्ये प्रकाशित झालेला त्या समाजाचा इतिहास हा आतून लिहिलेला असल्याने गॅझेटियरच्या बाहेरून केलेल्या वर्णनाशेजारी ठेवून वाचण्याजोगा आहे.

जातसभेचे उदात्तीकरण येथे अभिप्रेत नाही. स्त्रिया व दुर्बल कुटुंबे यांच्यासाठी जातीची बैठक ही न्यायालयाहून अधिक कठोर असू शकत होती. बहिष्कृत माणसाला इंग्रजी न्यायालय हाच आधार वाटला असेल, तर त्यात नवल नाही. मुद्दा इतकाच, की या दोन व्यवस्थांतील ताण हा त्या काळातील न्यायाचा खरा इतिहास आहे आणि तो दोन वेगळ्या प्रकरणांत तोडून ठेवल्यामुळे वाचकाला दिसत नाही.

याच प्रकरणात आणखी एक गंभीर गोष्ट घडते. कातकऱ्यांसारख्या समाजाच्या वर्णनात चोरी व मद्यपान हे जणू जातीचे गुण म्हणून येतात. कात पाडण्याचा त्यांचा धंदा वननियमांनी आकसत गेला, मोहावर बंधने आली, मजुरी गहाण पडली. ही कारणे ग्रंथाच्या इतर पानांवरून जुळविता येतात. ग्रंथ स्वतः ती जुळवीत नाही. आरोप न ठेवता, बचाव न ऐकता दिलेला हा निकाल पुढच्या अधिकाऱ्याच्या व पोलिसाच्या हाती पडला आणि पुढील लेखनातही उतरत गेला.

आंग्रेकाळाशी तुलना

गॅझेटियरच्या मांडणीत आंग्र्यांचा अंमल म्हणजे नाना पट्ट्या आणि मनमानी, तर इंग्रजी अंमल म्हणजे पट्ट्यांची काटछाट आणि नियमबद्धता, असा क्रम येतो. या क्रमाची तपासणी करण्यासाठी शां. वि. आवळसकर यांचे ‘आंग्रेकालीन अष्टागर’ हे पुस्तक महत्त्वाचे आहे. मराठी कागदपत्रांच्या आधारे त्यांनी त्या काळातील गावे, कर व समाज यांचे चित्र उभे केले. तेथे तंटा हा गोतसभा, महजर, शपथ, दिव्य यांच्या भाषेत बोलतो. मराठी न्यायपद्धतीत जिंकणाऱ्याकडून ‘हरकी’ आणि हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’ घेत. म्हणजे सरकारचा लाभ तेथेही होताच. परंतु तो निकालानंतर होता. इंग्रजी पद्धतीत शुल्क आधी भरावयाचे होते. दाराशी येण्यापूर्वीच पैसे मोजावे लागणे हा बदल गरीब पक्षकारासाठी लहान नव्हता.

याचा अर्थ जुनी व्यवस्था न्याय्य होती असा होत नाही. वेठ होती, जातिभेदानुसार शिक्षेत भेद होता आणि दिव्यासारख्या पद्धतींत सत्यापेक्षा धाकाचा वाटा मोठा होता. १८६० ची दंडसंहिता व १८७२ चा पुराव्याचा कायदा यांनी किमान कागदावर तरी सर्वांना एकाच मापाने मोजण्याचे तत्त्व आणले, हे नाकारता येणार नाही. परंतु गॅझेटियर तत्त्वाला वस्तुस्थिती मानून पुढे जातो, आणि तत्त्व व वस्तुस्थिती यांतील अंतर हाच तर इतिहासाचा विषय असतो.

ग्रंथानंतरची दोन वर्षे

गॅझेटियरच्या शांत चित्राची खरी परीक्षा काळाने लवकरच घेतली. १८८३ मध्ये खंड प्रसिद्ध झाला आणि १८८५ मध्ये, ठाणे व कुलाबा येथील लोकांच्या तक्रारींमुळे, सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. शेतकरी, बागायतदार, वनातील रहिवासी यांच्या साक्षी त्याच्या खंडांत आहेत. साक्ष देणारा माणूस अधिकाऱ्यासमोर उभा आहे, त्याचे बोलणे भाषांतरित झाले आहे, हे मान्य करूनही तेथे आवाज ऐकू येतो. गॅझेटियरमध्ये जो ‘कुणबी’ किंवा ‘ठाकर’ म्हणून सामान्य नामाने वावरतो, तो येथे तक्रारदार होतो.

अलिबागचे ‘सत्यसदन’, ठाण्याचे ‘अरुणोदय’ यांसारखी स्थानिक पत्रे हाही असाच दुसरा पुरावा आहे. देशी वृत्तपत्रांचे साप्ताहिक सारांश सरकार इंग्रजीत तयार करून घेई. मूळ अंक दुर्मीळ असले तरी या सारांशांतून स्थानिक गाऱ्हाण्यांचा माग लागतो. मात्र हे सारांश सरकारी भाषांतरकाराच्या चाळणीतून आलेले आहेत, याचे भान ठेवूनच त्यांचा वापर केला पाहिजे.

या असंतोषाची पुढची पायरी विसाव्या शतकात दिसते. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेर येथील जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. सत्याग्रहींबरोबर मामलेदारही मृत्युमुखी पडला. वसुली व दंडाधिकार एकाच हाती असलेल्या व्यवस्थेचा तो शोकात्म शेवट म्हणावा लागेल. १९३३ पासून अलिबाग तालुक्यात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेला चरीचा शेतकरी संप हा खोतीच्या प्रश्नावर होता. गॅझेटियरने भूधारणेचा एक प्रकार म्हणून शांतपणे नोंदविलेली खोती कुळाच्या दृष्टीने काय होती, याचे उत्तर त्या संपाने दिले.

ग्रंथाचे मोल

एवढी चिकित्सा केल्यानंतरही या ग्रंथाचे मोल कमी होत नाही. पिके, मासे, बंदरे, देवळे, किल्ले, वजने-मापे यांची इतकी तपशीलवार नोंद त्यापूर्वी कोणी केली नव्हती. अनेक लहान बंदरांचे नाव आज गाळाने भरलेल्या खाडीत आणि या ग्रंथाच्या पानांत एवढेच उरले आहे. जातवर्णनांतील घरगुती वस्तू, पेहराव, खर्चाचे तपशील हे सामाजिक इतिहासासाठी अमोल आहेत. आणि लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ग्रंथाने जे वेगळे केले ते पुन्हा जोडण्याची सामग्रीही त्याच ग्रंथात आहे. मीठ, अबकारी, वन, कर्ज आणि जात यांची पाने एकत्र ठेवून वाचली तर न्यायाचे दुसरे प्रकरण आपोआप तयार होते.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) कुलाबा गॅझेटियरमधील ‘न्याय’ हे प्रकरण न्यायालयांचा हिशेब आहे; न्यायाचा इतिहास नव्हे. त्यातील आकडे जिल्ह्याच्या शांततेचा पुरावा म्हणून वापरणे धोक्याचे आहे.

२) बंदर-जिल्ह्यातील सामान्य माणसासाठी कायदा हा प्रामुख्याने मीठ, माडी, मोह, टहाळ, तर व जकात यांच्या रूपाने येत होता. सवयीच्या गोष्टी गुन्हे ठरण्याची ही प्रक्रिया महसुलाच्या शीर्षकाखाली दडली आहे.

३) एकतर्फी निकालांचा अर्थ लावताना समुद्रावरील व स्थलांतरित जीवनाचा ऋतुक्रम विचारात घेणे आवश्यक आहे.

४) जातसभा व न्यायालय यांतील ताण हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. त्यासाठी गॅझेटियरसोबत वन आयोगाच्या साक्षी, देशी पत्रांचे सारांश, समाजांनी स्वतः लिहिलेले इतिहास आणि मोडी कागदपत्रे वाचली पाहिजेत.

यातील शेवटचा मुद्दा केवळ पद्धतीचा नाही. आगरी, कोळी, भंडारी, कातकरी, ठाकर या समाजांतील विद्यार्थी आज रायगड किनाऱ्यावरील महाविद्यालयांच्या वर्गांत बसतात. आपल्या गावाचा इतिहास लिहिण्यासाठी त्यांच्या हाती १८८३ चा ग्रंथ दिला जातो आणि त्यात त्यांना आपल्या पणजोबांची भेट एका सामान्य नामात, एका कोष्टकात किंवा एका दूषणात होते. मोडी वाचणारे जाणकार कमी होत आहेत. नगरपालिकांची व न्यायालयांची जुनी दप्तरे दमट हवेत जीर्ण होत आहेत. ती वाचली जाण्यापूर्वीच नष्ट झाली, तर एकतर्फी निकाल हाच या किनाऱ्याच्या इतिहासाचा अखेरचा निकाल ठरेल. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे नोंदवून घेणे हे न्यायाचे पहिले तत्त्व आहे, आणि इतिहासलेखनाचेही.